तोंडीचे अठरा मार्क

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या जिल्हा पानावर ‘इंग्रजीने केला घात’ असा मथळा होता. चार-पाच दिवसांनी याच सदरात एका वाचकाचं पत्र आलं. पहिलीपासून दहावीपर्यंत दहा वर्षं इंग्रजी शिकून खेड्यातल्या पोरांना एक वाक्य धड बोलता येत नाही, मग इंग्रजीचे शिक्षक पगार कशाचा घेतात, असा त्यांचा सवाल. मी तो पगार घेते. आर्णी तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत २००१ पासून आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. पगार एक तारखेलाच होतो असं नाही, पण होतो. तेव्हा उत्तर देणं आलं.

पत्र वाचून आधी राग आला. शाळेत बसून एकदा बघा म्हणावं, असं वाटलं. संध्याकाळी पोळ्या लाटताना पुन्हा ते वाक्य आठवलं, ‘एक वाक्य धड बोलता येत नाही’. आणि राग उतरला, कारण ते खरं आहे. फक्त त्यांना वाटतं तसं ते नापास झालेल्यांबद्दल खरं नाही. पास झालेल्यांबद्दल जास्त खरं आहे. ते कसं, हे सांगायला थोडी जागा लागेल, ती द्यावी.

दहावीचा इंग्रजीचा लेखी पेपर ८० मार्कांचा. उरलेले २० शाळेच्या हातात. त्यात तोंडी परीक्षा येते, ती शाळेतच होते आणि मार्क शाळाच भरते. दोन्ही मिळून शंभरात ३५ आले की विषय निघाला. आता हिशेब करा. शाळेने २० पैकी १८ दिले तर पोराला पेपरात १७ पुरतात. हे १७ कसे काढायचे ते आम्हा शिक्षकांना तोंडपाठ आहे. प्रश्नातला एक शब्द धरायचा, तो उताऱ्यात शोधायचा आणि सापडला की ती अख्खी ओळ उतरवून काढायची. कवितेतल्या यमकाच्या जोड्या लिहायच्या. पत्राचा सांगाडा, म्हणजे पत्ता, तारीख, विषय, ‘युवर्स फेथफुली’, हे पाठ करायचं आणि मधल्या पोकळीत गाइडातलं पत्र भरायचं. त्या गाइडांमध्ये बहुतेक वेळा महानगरपालिकेच्या आयुक्तांना तक्रार असते. आमच्या पोरांनी ग्रामसेवकाला वेळेवर पाहिलेलं नसतं, ती आयुक्तांना ‘रिस्पेक्टेड सर’ लिहितात. असो.

हे २० मार्क किती वजनाचे आहेत ते एकदाच उघडं पडलं. २०१८-१९ या वर्षी भाषांचे शाळेच्या हातातले मार्क बंद केले होते. २०१८ ला राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो २०१९ ला ७७.१० वर आला. ओरड झाली, मार्क परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के. २०१९ ला अभ्यासक्रमही बदललेला होता, २०२० ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, हे सगळं धरलं तरी आम्हा शिक्षकांना आतून माहीत होतं की काय काढून घेतलं होतं आणि काय परत दिलं.

आता माझं सांगते. वर्षानुवर्षं मी तोंडी परीक्षा घेतलीच नाही. फेब्रुवारीत एका दुपारी हजेरीपट समोर घ्यायचा आणि नावांपुढे १७, १८, १९ असं आलटून-पालटून लिहीत जायचं, सगळे सारखे दिसू नयेत म्हणून. मुख्याध्यापकांची सही झाली की संपलं. मी एकटी असं करते असं नाही, पण इथे माझ्याबद्दलच लिहिते.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडून एक मुलगा दहावी पास झाला. जवळच्या बंजारा तांड्यावरचा. तीन वर्षं माझ्या वर्गात, खिडकीकडच्या शेवटच्या बाकावर. तीन वर्षांत त्याच्या तोंडून हजेरीच्या ‘येस मॅडम’शिवाय इंग्रजीचा शब्द मी ऐकला नाही. खोडकर नाही, आळशी नाही, शेळ्या चारून वेळेवर शाळेत येणारा. त्याच्या नावापुढे मी १८ लिहिले होते. निकालानंतर तो आईला घेऊन आर्णीला माझ्या घरी आला. मी अपडाउनवाली आहे, शाळेच्या गावी न राहता रोज ये-जा करणारी, हेही कबूल करून टाकते. हातात पेढ्यांचा पुडा. ‘मॅडम, इंग्रजी निघाली!’ गुणपत्रिका पुढे केली. इंग्रजीत पस्तीस. मी मनातल्या मनात वजाबाकी केली. पेपरातले सतरा त्याचे, अठरा माझे.

त्याने वाकून नमस्कार केला. मला काय सुचलं कोणास ठाऊक, मी इंग्रजीत विचारलं, ‘आता पुढे काय करणार तू?’ साधं वाक्य, आठवीच्या पुस्तकातलं. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, मग आईकडे पाहिलं आणि हसला. ती माउलीही हसली. मी पेढा हातात धरून उभी. आपल्या बातमीत तो पास झालेल्यांच्या टक्केवारीत होता.

गेल्या वर्षी जुलैत मी दहावीच्या वर्गात सांगितलं, फेब्रुवारीत तोंडी खरी घेणार आहे. एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, तोंडी असते काय?’ वर्गात ४७ पोरं. त्यांना हेच माहीत नव्हतं.

पोरांना इंग्रजी येत नाही असं आपण सरसकट म्हणतो. इंग्रजी त्यांच्या तोंडात आहे, पण वर्गाच्या दारात ती ते तोंड बंद करून येतात. मोबाइलवर लढाईचा गेम खेळताना हीच पोट्टी ‘एनिमी अहेड, कव्हर दे!’ म्हणून बोंबलतात. लाईन, फेज, स्टार्टर, डीपी, नोझल, लोड, रेट, सिझन हे शब्द माझ्या पुस्तकात नाहीत, त्यांच्या वावरात आहेत. डीपी तर दोन-दोन, एक गावाबाहेर खांबावर जळते ती आणि दुसरी मोबाइलवर रोज बदलते ती. पण वर्गात उभं केलं की मान खाली. कारण तोंड उघडलं की हसं होतं हे त्यांना फार आधी कळलेलं असतं, आणि ते इंग्रजीमुळे कळलेलं नसतं. मराठीमुळे.

पहिलीत पोरगा ‘मले पाणी पायजे’ म्हणतो. त्याला सांगतात, ‘मले’ नाही, ‘मला’ म्हण. ‘काहून’ नाही, ‘का’ म्हण. ‘थो’ नाही, ‘तो’. बोलायच्या आधी वाक्य तपासून घ्यायची सवय त्याला तिथेच लागते आणि मग तो बोलणंच सोडतो. माझ्याकडे आठवीत येतो तोवर घरची भाषा अशुद्ध, शाळेची परकी. त्यावर मी तिसरी ठेवणार. एकदा तपासणीला आलेल्या एका साहेबांनी शेरा लिहिला होता, ‘विद्यार्थ्यांची बोली सुधारावी.’ मीही सुधारत होते की! माझं माहेर दारव्ह्याकडचं. माहेरी मी ‘मले’च म्हणते, आजही. आणि शाळेच्या पायरीवर चपला काढल्यासारखं ‘मले’ काढून ठेवून वीस-बावीस वर्षं पोरांना शुद्ध करत होते.

हे बदललं ते एका चुकीपायी. ‘आय ॲम गो टू स्कूल.’ इंग्रजीच्या कोणत्याही शिक्षकाला विचारा, हे वाक्य स्वप्नात येतं. फळ्यावर रकाने आखून काळ शिकवले, तक्ते टांगले, उपयोग शून्य. गेल्या ऑगस्टात एका पोराच्या वहीत पुन्हा तेच दिसलं. मी वैतागून, घरच्या भाषेत, ओरडले, ‘अबे, तू आत्ता काय करून राह्यला?’

‘लिहून राह्यलो, मॅडम.’

मीच थांबले. त्याला फळ्यापाशी बोलावलं. ‘लिहून राह्यलो’ लिही म्हटलं. मग ‘राह्यलो’खाली ‘ॲम’ आणि ‘लिहून’खाली ‘रायटिंग’. दोन शब्द, दोन शब्द. ‘नुसतं राह्यलो म्हटलं तर चालते काय?’ मागून एक जण म्हणाला, ‘नाई ना मॅडम, कुठं राह्यलो मंग?’ वर्ग हसला. पण या वेळी कोणावर हसला नाही.

पुस्तकी मराठी बोलणारे ‘मी रोज लिहितो’ म्हणतात आणि आत्ता हातात पेन असतानाही पुष्कळदा ‘लिहितो ना!’ म्हणतात. वऱ्हाडीत हे भागत नाही. ‘लिहितो’ म्हणजे सवय. या घडीला चाललेलं असेल तर ‘लिहून राह्यलो’. इंग्रजीत नेमका हाच फरक आहे, आणि तो शिकवायला मी इतकी वर्षं त्यांची सगळ्यात उपयोगाची गोष्ट आधी खोडून काढत होते. त्या आठवड्यात वर्गात जे काही चाललं होतं! ‘बस येऊन राह्यली’, ‘माय सोंगून राह्यली’, ‘सर झोपून राह्यले’ (कोणते सर ते सांगत नाही), सगळ्याचं इंग्रजी. पंधरा दिवसांत ‘ॲम गो’ निम्म्याने कमी झालं. संपलं नाही. आणि ही किल्ली सगळ्या कुलपांना लागत नाही. ‘मले भूक लागली’चं इंग्रजी करताना भूक पोराला लागायच्या ऐवजी पोरगाच भुकेला जाऊन लागतो, तिथे अजून माझी गाडी अडते.

तांड्यावरच्या मुलांसाठी तर ‘राह्यलो’ही उसनं. त्यांच्या घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली. बोर्डाच्या कागदावर आमच्या शाळेत मराठी प्रथम भाषा, हिंदी दुसरी, इंग्रजी तिसरी. तांड्यावरच्या पोरासाठी मोजायला बसलं तर इंग्रजी चौथी येते, आणि त्याच्या प्रथम भाषेचा विषयच शाळेत नाही. एका मुलीने आईवर पाच ओळी लिहिताना पहिलीच ओळ ‘माय याडी इज’ अशी सुरू केली होती. याडी म्हणजे आई. आधीच्या वर्षी मी लाल रेघ मारली असती. या वेळी बाजूला ‘मदर’ लिहिलं आणि याडीला हात लावला नाही. बरोबर केलं की चूक, ठरत नाही. बोर्डाचा परीक्षक रेघ मारेलच.

वाचक म्हणतात, दहा वर्षं इंग्रजी. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली, त्याआधी पाचवीपासून होती. मी स्वतः पाचवीपासून शिकलेली. माझ्या नोकरीची पहिली आठ-नऊ वर्षं पाचवीवाली पोरं होती, २०१० पासून दहावीला पहिलीवाली यायला लागली. माझ्या वर्गापुरतं सांगते. अक्षर ओळखणारी पोरं वाढली, वाचताना अडखळणं कमी झालं. बोलणारी वाढली नाहीत. दहा वर्षं मोजली तरी त्यांतले किती तास पोराने तोंड उघडलं, ते कोणी मोजत नाही. चाळीस मिनिटांचा तास, ४७ पोरं. प्रत्येकाला एकेक मिनिट द्यायचं म्हटलं तरी सात उरतात त्यांना काय सांगू? त्यात मतदार याद्या आहेत, ऑनलाइन माहित्या आहेत, पण ते रडगाणं प्रत्येक शिक्षकाचं असतं, आपल्या वाचकांना पाठ आहे.

सप्टेंबरात एका सोमवारी नऊ मुलं गैरहजर. फवारणी. आमच्या भागात फवारणीच्या दिवसांत मला हजेरी घ्यायची भीती वाटते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले, हे आपल्याच पेपरांनी छापलं होतं. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाचा काका यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात होता. वाचला. पण डोळ्यांपुढचं धुकं जायला किती दिवस लागले ते तो मुलगा शाळेत येऊन सांगायचा.

तर त्या मंगळवारी मी धडा बाजूला ठेवला. गावातल्या कृषी केंद्रात जाऊन औषधांच्या डब्यांवरच्या लेबलांचे फोटो मोबाइलवर काढून आणले. डबा वर्गात आणायचा नाही, रिकामासुद्धा नाही, हे आधीच ठरवलं. त्या लेबलावर एक चौकोन असतो, कोपऱ्यावर उभा केलेला, पतंगासारखा. खालच्या निम्म्या भागात रंग. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. वरच्या निम्म्या भागात इंग्रजी शब्द. लाल आणि पिवळ्यावर ‘पॉयझन’, निळ्यावर ‘डेंजर’, हिरव्यावर ‘कॉशन’. लालवर कवटी आणि हाडंही. मी रंगीत खडूंनी चारही पतंग फळ्यावर काढले.

वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक पोराने यातला एक तरी डबा हाताळलेला होता. कवटी सगळ्यांना ठाऊक. रंगाचा अर्थ चौघांना. हिरवा म्हणजे ‘चांगलं औषध’, पिकाला हिरवं करणारं, असं एकाला वाटत होतं. ‘कॉशन’ कोणालाच माहीत नव्हता. मी विचारलं, हे तीन शब्द सारखे आहेत काय? मग जो वाद झाला, तो मला कोणत्याच धड्यावर कधी घालता आला नव्हता. डेंजर मोठं की पॉयझन? ‘मॅडम, साप डेंजर असते, पण साऱ्या सापाले पॉयझन नसते.’ शाब्बास. मी एवढं स्पष्ट कधी समजावू शकले नसते. ‘कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन’ या ओळीत ‘रीच’ म्हणजे हात पोहोचणं, असं सांगितलं. एक मुलगी म्हणाली, आमच्या घरी तो डबा खाटेखाली असतो, लहान भाऊ तिथेच रांगतो. वर्गात एकदम शांतता झाली. दुसऱ्या दिवशी तिने न विचारता सांगितलं, ‘मॅडम, वरती आडव्याले टांगला.’ मी म्हटलं, इंग्रजीत सांग. तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, ‘नो रीच.’

डब्याबरोबर माहितीचा कागद असतो, घडी घातलेला. त्यात मराठीही असते, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. तो कागद वाचायला भिंग लागतं, तो धडा मी अजून घेतलेला नाही.

फेब्रुवारीत तोंडी घेतली. चार दिवस लागले. वर्गात घेतली नाही, शाळेमागच्या लिंबाखाली दोन खुर्च्या टाकल्या. बाकीच्यांना लांब बसवलं, हसणं ऐकू येणार नाही इतकं लांब. घरून एक वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं. चूक झाली तर मी मध्ये बोलणार नाही, हा माझा शब्द. तो पाळणं मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

काय काय आणलं पोरांनी! जळलेला फ्यूज, इळा, आबाजीच्या चष्म्याचा एक दांडा, बैलाच्या गळ्यातली घंटी. (बैल विकला होता, पोळ्याच्या आधी.) एका मुलाने टॉर्च आणला होता. रात्रीची लाईन असते तेव्हा बाप ओलिताला जातो, त्याची गोष्ट. त्याने सांगितलं ते असं, जसंच्या तसं: ‘लाईन केम नाईट. फादर गो. स्नेक.’ मग थांबला. बराच वेळ थांबला. माझाच जीव वर-खाली. शब्द दिला होता, पण राहवलं नाही, विचारलं, ‘देन?’ तो म्हणाला, ‘स्नेक गो. फादर कम.’ व्याकरणाने पाहिलं तर त्यात एकच क्रियापद धड आहे. पण मला सगळं कळलं, क्रमासकट. मी पंधरा दिले.

एका मुलीने जुनं लुगड्याचं फडकं आणलं होतं. कापूस वेचताना कमरेला ओटी बांधतात, ते. ही मुलगी मानव विकासच्या, म्हणजे शाळेच्या मुलींसाठी असलेल्या सरकारी योजनेच्या, निळ्या बसने येते. दिवाळीपासून नाताळापर्यंत तिची हजेरी अर्धीसुद्धा नव्हती, कारण तीही आईसोबत वेचायला जायची. फडकं तिने आधी मांडीवर पसरलं आणि मग बोलली. ‘धिस इज माय मदर्स क्लॉथ. शी इज पिकिंग कॉटन. मॉर्निंग कॉटन इज वेट, सो हेवी. आफ्टरनून कॉटन इज लाइट. शी लाइक मॉर्निंग.’ सकाळी दवाने कापूस ओला असतो, वजन जास्त भरतं. मजुरी किलोवर. ‘फॉर्टी किलो, टेन रुपीज. फोर हंड्रेड. आय पिक ट्वेंटी ओन्ली. आय ॲम स्लो बिकॉज आय ॲम थिंकिंग.’ मी विचारलं, कसला विचार करत असतेस? ती म्हणाली, ‘धिस एक्झाम.’

मी तिला १९ दिले. वीस दिले असते, पण हात थबकला, जुनी सवय.

यादी मुख्याध्यापकांकडे गेली. आठपासून एकोणीसपर्यंत मार्क होते. त्यांनी चष्मा काढून ठेवला. ‘मॅडम, हे आठ काय आहे?’ मी म्हटलं, ती मुलगी बोलली नाही, एक शब्द नाही. ते म्हणाले, निकाल पडला तर पुढच्या वर्षी पोरं शेजारच्या गावी जातील, पट कमी झाला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, एक पद उडेल, आणि ते पद तुमचंच असू शकतं. ते धमकावत नव्हते. सरळ हिशेब सांगत होते, माणूस चांगला आहे. शेवटी पंधराच्या खाली कोणाला ठेवायचं नाही असं ठरलं. मी सहा जणांचे मार्क वाढवले. म्हणजे खरी घेतलेली तोंडीही शेवटी सगळी खरी राहिली नाही. हे लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिण्याचा मला हक्क नाही.

आणि मग निकाल. ज्या मुलीला आठाचे पंधरा केले, ती इंग्रजीत पास झाली. फडकंवाली मुलगी गणितात राहिली आणि इंग्रजीतही. इंग्रजीत तीस. पुन्हा वजाबाकी. पेपरात अकरा. जी बोलली ती लिहू शकली नाही, कारण ज्या दोन महिन्यांत आम्ही लेखीचा सराव घेतला त्या दोन महिन्यांत ती वावरात होती. आपल्या मथळ्यातला ‘घात’ झालेल्यांत ती आहे. वाचकांच्या पत्रातल्या ‘एक वाक्य धड बोलता न येणाऱ्यां’त ती आहे. आणि दोन वर्षांपूर्वी पेढे घेऊन आलेला माझा विद्यार्थी त्यांत नाही.

ती पुरवणी परीक्षेला बसते आहे. परवा संध्याकाळी तिचा फोन आला, मागे पाखरांचा कलकलाट. ‘काय करून राह्यली व?’ मी विचारलं. ‘सरकी टोबून राह्यली मॅडम, आत्ता घरी निंगालो. एक विचारू काय? फोरमध्ये यू असते, मंग फॉर्टीमध्ये काहून नसते?’ पेपरात तिने घातला असणार तो यू. मी म्हटलं, असतंच तसं, पाठ कर. ती म्हणाली, ‘बरं,’ आणि मग, ‘पण काहून?’ इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मलाही उत्तर येत नाही. शोधून सांगते म्हटलं आहे.

संपादक महोदय, एक विनंती. निकालाच्या दिवशी आपले तालुका वार्ताहर शाळेत फोन करून टक्केवारी विचारतात आणि पहिल्या तिघांचे फोटो नेतात. पुढच्या निकालाची बातमी करायची असेल तर त्यांना फेब्रुवारीत पाठवा, तोंडीच्या वेळी. आमच्याच शाळेत असं नाही, कुठेही. आमच्याकडे आले तर लिंबाखाली तिसरी खुर्ची टाकू. ते लांब बसले तर बरं, पोरं आधीच घाबरलेली असतात. आणि शाळेत चहाची सोय नाही, तो टपरीवरून मागवावा लागेल.

आपली,
एक इंग्रजी शिक्षिका
ता. आर्णी, जि. यवतमाळ

(माझं नाव छापू नये. पत्रात मुलांची आणि शाळेची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.)